फान मावशींचा कान

चुपेई शहरात नवीन घर घेणारी माणसं ताबापत्रावर सही करण्याआधी एकमेकांना एक सल्ला हमखास द्यायची. "आधी फान मावशींना घरातून फिरवून आणा." मग पुढे सांगायची, "बाई बोलायला फटकळ आहे. पण तिने भिंतीला काठी लावली की भिंत खोटं बोलत नाही."

फान लान-मेई यांचं वय तेव्हा बासष्ट. उंची बेताची, खांदे पुरुषासारखे रुंद, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. हातात एक लांब-आखूड करता येणारी सळई, टोकाला पोलादी गोळी. कामाला लागल्या की आधी सगळ्यांना गप्प करायच्या, पंखे बंद करायला लावायच्या आणि मग ती गोळी एकेका टाइलवर अलगद फिरवायच्या. टाइलच्या मागे सिमेंटचा माल नीट भरलेला असेल तर आवाज खणखणीत येतो. मागे पोकळी असेल तर बद्द येतो. हा फरक जरा सवय झाली की कुणालाही कळतो. पण किती बद्द, पोकळी कोपऱ्यात आहे की मधोमध, ही टाइल दोन वर्षांत सुटेल की वीस वर्षं तशीच राहील, हे सांगणारा कान एखाद्याचाच असतो. मावशींचा तसा होता.

तो कान त्यांनी उन्हातान्हात राबून कमावला होता. एमेईच्या चहाच्या टेकड्यांवर त्या जन्मल्या. घरातली चौथी मुलगी. सतराव्या वर्षी चहाची टोपली टाकून त्या बांधकामावर वाळू वाहायला आल्या, कारण तिथे निदान जळवा चावत नाहीत, असं त्या म्हणायच्या. तिथे त्सेंग म्हणून टाइल बसवणारा एक उस्ताद होता, अबोल आणि कडक. त्याच्या हाताखाली लान-मेईने सहा वर्षं नुसता माल कालवला. बायकांनी माल कालवायचा आणि पुरुषांनी थापी धरायची, अशीच तेव्हा रीत होती. एक दिवस उस्तादला ताप भरला. न्हाणीघराची एक भिंत अर्धवट राहिली होती, आणि घरमालक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. कुणाला न विचारता लान-मेईने ती भिंत पुरी केली.

सकाळी उस्ताद आला. भिंतीसमोर उभा राहिला. खिशातून नाणं काढून त्याने एकूण एक टाइल वाजवून पाहिली. ती मागे श्वास रोखून उभी. शेवटी तो म्हणाला, "खालच्या कोपऱ्यात माल कमी पडलाय. काढ आणि परत लाव." एवढं बोलून त्याने स्वतःची थापी तिच्या हातात दिली आणि स्वतः माल कालवायला बसला.

त्यानंतर तीस वर्षं मावशींनी टाइल्स बसवल्या. लग्न झालं, मुलगी झाली. नवरा खडीचा ट्रक चालवायचा. भला माणूस, पण लवकर गेला. मुलगी शिकून काओशुंगला नर्स झाली. मावशींच्या हाताखालून किती भिंती गेल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्रेपन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी मात्र स्वच्छ नकार दिला. खाली बसलं की उठता येईना.

आपल्या शेवटच्या कामावर त्यांना वेई शू-हान भेटली. एका बिल्डरची नोकरी सोडून आलेली ही सव्वीस वर्षांची इंजिनिअर. लोकांची नवी घरं ताब्याआधी तपासून द्यायचा धंदा तिने नुकताच सुरू केला होता. हातात काठी घेऊन ती मावशींच्याच भिंतीवर ठोकत होती.

मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, तू मारतेयस तिला."

"काय?"

"भिंतीला मारतेयस. मारू नये. विचारावं." आणि तिच्या हातातली काठी घेऊन त्यांनी ती कशी सैल धरायची ते दाखवलं.

वर्षभराने शू-हान त्यांचं घर शोधत आली. मावशी दारात बसून शेंगा सोलत होत्या. "मावशी, माझ्याबरोबर चला. तुम्हाला वाकावं लागणार नाही. काठी लांब करून देते." मावशींनी अंगावरची टरफलं झटकली आणि चप्पल घातली. त्या दिवसापासून आठ वर्षं दोघी बरोबर होत्या. शू-हानकडे लेझर, भिंतीतली ओल दाखवणारा कॅमेरा, सॉकेट तपासायची यंत्रं. मावशींकडे काठी. पुढे शू-हानने आणखी दोन माणसं नेमली, काम वाढलं, पण काही गिऱ्हाइकं अडूनच बसायची. "फान मावशी येणार असतील तर सांगा."

नव्या चांद्रवर्षानंतर थोड्याच दिवसांत मावशींच्या घरी एक किटली जळाली. शिट्टीची किटली. मावशी त्याच खोलीत बसून मोजे रफू करत होत्या. शिट्टी वाजली, पाणी आटलं, किटलीचं बूड काळं पडून धूर आला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

त्यांना धक्का बसला, पण नवल वाटलं नाही. लिफ्टची घंटा अलीकडे ऐकू येत नव्हती. फोनवर मुलगी पुटपुटायला लागली होती. त्या एकट्याच कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरने कागदावर एक रेघ दाखवली. डावीकडे सरळ आणि उजवीकडे गडगडत खाली गेलेली.

"बारीक, उंच आवाज गेलेत तुमचे. टाइल कापायचं कटर किती वर्षं चालवलंत?"

"तीस."

"कानात काही घालत होतात?"

"सिमेंट जायचं आपोआप."

डॉक्टर हसला नाही. मावशी त्या रेघेकडे बघत राहिल्या. एवढा ढाळ न्हाणीघराच्या फरशीला असता तर पाणी धावत मोरीत गेलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. डॉक्टरने कानाला यंत्र लावायला सांगितलं. मावशींनी तो कागद घडी करून कपाटाच्या खणात, टॉवेलांच्या खाली ठेवला आणि कुणालाही सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, हे त्यांना कुणी पुढे विचारलं तर त्या खांदे उडवायच्या. पण कारण साधं होतं. गुडघे गेल्यावर घालवलेलं ते शेंगा सोलण्याचं वर्ष त्यांना आठवत होतं. कान गेल्यावर सोलायला तेवढ्याच शेंगा पुन्हा होत्या.

मग त्या सांभाळून घेऊ लागल्या. टाइलचे सांधे निरखून पाहायच्या. कुठे केसभर उंचसखल असेल तिथे दोनदा काठी लावायच्या. अनुभव एवढा दांडगा की बहुतेक चुका डोळ्यांनीच सापडायच्या, आणि हातालाही काहीतरी कळत असावं. काम चालून गेलं. रोज रात्री मात्र झोपताना त्या दिवसाचं घर मनातल्या मनात पुन्हा फिरून यायच्या. तो उजवा कोपरा नीट वाजला होता ना? वाजला असावा. वाजला असेलच.

अकराव्या चांद्रमहिन्यात, सिंचू परिसराचा थंडीतला वारा ऐन भरात असताना, च्यू फंग-च्याओ यांच्या घराचं काम आलं. च्यूबाई शिनपूच्या बाजारात तांदळाच्या रुंद शेवयांचा गाडा चालवायच्या. वय सत्तावन्न. एकतीस वर्षं मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत काढलेली. तीन वर्षांपूर्वी, जमिनीत नुसता खड्डा होता तेव्हा, त्यांनी आठव्या मजल्यावरचं हे घर घेतलं होतं. दर सोमवारी गाडा बंद असला की त्या येऊन पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभ्या राहायच्या आणि इमारत किती वर आली ते बघून जायच्या.

त्या दिवशी त्या नवा कोट घालून आल्या होत्या. दारात मावशींचा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, फार चुका काढू नका हो. ही माणसं रागावली तर चावी देणार नाहीत."

"काय?" मावशींनी डोकं पुढे केलं. च्यूबाईंनी पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.

"मालकीणबाई, तुमच्या शेवयांत केस निघाला तर गिऱ्हाईक गप्प बसून खातं का?"

"माझ्या शेवयांत केस निघत नाही!"

"मग यांच्या भिंतीतही निघू नये."

बिल्डरकडून लो नावाचा साइट मॅनेजर हजर होता. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं, फोन सारखा वाजणारा. त्या आठवड्यात त्याला बावीस घरांचे ताबे द्यायचे होते. शू-हानने बाल्कनीत बादलीभर पाणी ओतलं. पाणी मोरीकडे जायचं सोडून दाराशी येऊन बसलं.

"ढाळ उलटा आहे," शू-हान म्हणाली आणि खुणेची निळी चिकटपट्टी लावली.

"अहो, हा सिंचूचा वारा आहे. अर्ध्या तासात सुकेल," लो म्हणाला.

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कोण बाल्कनीत बसतं?"

च्यूबाई घाईघाईने म्हणाल्या, "मी नाही बसत. खरंच नाही बसत." शू-हानने हसू दाबलं आणि पट्टी तशीच ठेवली.

मावशींनी स्वयंपाकघर केलं, बाहेरची खोली केली. मग न्हाणीघर. वारा खिडकीच्या फटीतून शीळ घालत होता. निदान बाकीचे तसं म्हणत होते. मावशींना तो नुसता घुमल्यासारखा वाटत होता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि चारही भिंतींवर काठी फिरवली. चौदा टाइल्सवर पट्ट्या लावल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं. चौदा. बाकी ठीक."

शू-हान वहीत लिहायला लागली. च्यूबाई चौकटीतून आत डोकावल्या. हे त्यांचं न्हाणीघर होतं. आजवर कधी त्यांचं स्वतःचं न्हाणीघर नव्हतं, दुकानावरच्या खोलीत तीन बिऱ्हाडांत मिळून एक होतं. त्या आत गेल्या. नळाला हात लावून पाहिला. आरशाखालच्या भिंतीवरून बोटं फिरवली. मग मावशींची नक्कल करत, जरा लाजत, बोटाच्या पेराने टकटक केलं. एक टाइल, दुसरी, तिसरी. आणि थांबल्या.

"मावशी, ही आणि ही सारखी नाही वाजत हो."

मावशी आत आल्या. त्या टाइलवर पट्टी नव्हती. त्यांनी काठी लावली. ठक. शेजारच्या टाइलवर लावली. ठक. त्यांना दोन्ही सारख्याच वाटल्या.

"वाऱ्याचा आवाज येतोय मधे," च्यूबाई लगेच म्हणाल्या. "माझंच चुकलं असेल. मला काय कळतंय!"

लो दारात येऊन उभा राहिला होता. तो हसला. "मालकीणबाई, शेवया तुम्हाला कळतात, टाइल्स मावशींना. त्यांनी ठीक म्हटलंय ना? त्यांचा शब्द म्हणजे आम्हाला पण कायदा. काय मावशी?"

सगळे मावशींकडे बघत होते. नुसतं "ठीक आहे" म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. च्यूबाईंना सुटल्यासारखं वाटलं असतं, लो पुढच्या घराकडे पळाला असता, शू-हानने वही मिटली असती. मावशींचं तोंड उघडलंही होतं. पण समोर ती बाई नवा कोट घालून, बोट भिंतीवर ठेवून उभी होती, आणि चूक आपलीच असणार अशी तिची पक्की खात्री होती.

मावशींनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. डावा तळवा त्या टाइलवर सपाट टेकला. उजव्या हाताच्या पेराने शेजारी टकटक केलं. तळव्याखाली टाइल थरथरली, झाकणासारखी. त्यांनी हात बाजूच्या टाइलवर नेला. तिथे भिंत गप्प होती.

"त्यांचं बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "ही पोकळ आहे. मला ऐकू आली नाही."

"वाऱ्यामुळे," शू-हान म्हणाली.

"वाऱ्यामुळे नाही." मावशींनी तिच्याकडे पाहिलं. "माझे कान गेलेत, शू-हान. उंच आवाज येत नाहीत. डॉक्टरने सांगितलंय."

शू-हानचा चेहरा उतरला. मग लोने घसा खाकरला. माणूस वाईट नव्हता, पण बावीस ताबे डोक्यावर होते आणि आयती संधी समोर आली होती.

"म्हणजे मग त्या चौदा पट्ट्यांचंही काय खरं? ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी लावलेल्या पट्ट्यांवर मी टाइल्स फोडू? हा अहवाल मी घेणार नाही. नवीन माणूस आणा, नवीन तारीख घ्या. पुढच्या महिन्यात बघू."

च्यूबाईंनी कोटाचं बटण मुठीत धरलं. "पुढच्या महिन्यात? मी खोली सोडतेय हो महिनाअखेर."

शू-हान काही बोलणार, तेवढ्यात मावशींनी हात वर केला. "लो साहेब, तुमचा मिस्त्री खाली आहे ना? छिन्नी घेऊन वर बोलवा. माझ्या चौदांतली कुठलीही एक टाइल तुम्ही निवडा. काढा. मागे माल पूर्ण भरलेला निघाला तर ती मी माझ्या हाताने परत बसवते आणि अहवाल इथेच फाडते. मग या मालकीणबाईंची एक काढा. तिचंही बघू."

"मावशी, तुमचे गुडघे..." शू-हान म्हणाली.

"गुडघ्यांनी अजून ऐकायचं सोडलेलं नाही. म्हणजे दुखतात, पण ऐकतात."

मिस्त्री आला. लोने बराच विचार करून खिडकीजवळची, दिसायला अगदी सरळ असलेली एक टाइल दाखवली. मिस्त्रीने सांध्यातून छिन्नी घातली, दोन टोले दिले. टाइल जवळजवळ अख्खी सुटून हातात आली. मागे मालाचे पाच गोळे होते. चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक, पेढे चिकटवल्यासारखे. बाकी सगळी पोकळी. मग च्यूबाईंनी दाखवलेली काढली. तिथे तर चारच होते.

मिस्त्री लोकडे न बघता म्हणाला, "साहेब, तेव्हा घाई होती. दिवसाला चार न्हाणीघरं उरकायला सांगितली होती."

"तुला कुणी विचारलं?" लो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. त्याने ती टाइल हातात घेऊन उलटसुलट केली. मग एकदम मावशींना विचारलं, "तुम्ही गप्प बसला असतात तर मला कळलंही नसतं. का बोललात?"

"तुमच्यासाठी नाही बोलले," मावशी म्हणाल्या. "सरका आता. मला सगळं परत करायचंय."

त्या दिवशी मावशींनी ते घर पुन्हा पहिल्यापासून तपासलं. हाताने. भिंतीला तळवा टेकायचा, पेराने टकटक करायची, पुढे सरकायचं. वरच्या टाइल्ससाठी लोने स्वतः शिडी धरली. खालच्या रांगेसाठी मावशी फरशीवर बसल्या आणि बसल्या बसल्या सरकत राहिल्या. च्यूबाई बरोबरीने कानाने ऐकत होत्या, आणि आता त्यांचा संकोच पार पळाला होता. "ही! ही पण मावशी! इथे लावा पट्टी. अहो लो साहेब, बघता काय, पट्टी द्या की." संध्याकाळपर्यंत न्हाणीघरात एकतीस पट्ट्या झाल्या. लोने अहवालावर सही केली आणि महिनाअखेरच्या आत सगळं काढून नव्याने बसवून द्यायचं कबूल केलं.

परतताना गाडी शू-हान चालवत होती. तोउच्येन नदीच्या पुलावर वारा गाडी हलवत होता.

"कधीपासून?" तिने विचारलं. मग लक्षात येऊन पुन्हा, मोठ्याने विचारलं.

"फेब्रुवारीपासून माहीत आहे. त्याआधी कधीपासून, ते नाही माहीत."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? प्रत्येक अहवालावर माझ्या नावाचा शिक्का असतो, मावशी. लोक त्या शिक्क्यावर आयुष्यभराची घरं ताब्यात घेतात. मी तुमच्या बाजूला उभी होते रोज! रोज!" तिचा आवाज चिरकला. "मी तुम्हाला घरी बसवलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

"हो."

शू-हानने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मावशी समोर बघत बसल्या. त्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण तो हक्क आज आपण घालवलाय असंही वाटलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीपासूनच्या घरांची यादी काढ. मी केलेली तेवढीच. मी परत जाते."

यादीत एकेचाळीस घरं निघाली. मावशींनी स्वतः फोन केले. मावशींनी आता मागवलेलं कानाचं यंत्र अजून आलं नव्हतं, म्हणून शू-हान शेजारी बसून पलीकडचं बोलणं कागदावर लिहून दाखवायची. मावशी एकच वाक्य सगळ्यांना सांगायच्या. "मी फान लान-मेई, तुमचं घर मी तपासलं होतं, तेव्हा माझे कान बरोबर नव्हते हे मी लपवलं, मला पुन्हा येऊन बघायचंय." काही जणांना ते कळायलाच वेळ लागायचा. सहा जणांनी नको म्हटलं. दोघांनी फोन आपटला. एका बाईने एवढं सुनावलं की शू-हानने लिहायचं थांबवलं, तेव्हा मावशींनी पेन तिच्या हातात परत दिलं. "लिही. मला माहीत असू दे."

पहिले दोन रविवार मावशी एकट्याच बसने गेल्या. तिसऱ्या रविवारी शू-हानची गाडी दाराशी उभी होती. मावशी पुढचं दार उघडून आत बसल्या. नऊ घरांत तपासणीतून सुटलेल्या पोकळ टाइल्स सापडल्या. बहुतेक ठिकाणी बिल्डरची मुदत अजून बाकी होती, त्यांनी कुरकुरत दुरुस्त करून दिलं. एका घरी रागाने दार उघडणाऱ्या नवराबायकोने जाताना मावशींच्या हातात पिशवीभर संत्री कोंबली.

कानातलं यंत्र आलं. पहिल्या दिवशी मावशींनी घरात एक चमचा भांड्यात टाकला आणि दचकून यंत्र काढून फेकलं. हळूहळू सवय झाली. मुलीचं पुटपुटणं थांबलं. कामावर मात्र त्या ते काढून खिशात ठेवायच्या आणि तळवा भिंतीला टेकायच्या. शू-हानने अहवालाच्या पहिल्याच पानावर छापून घेतलं की टाइल्सची तपासणी हाताच्या स्पर्शाने आणि दुसऱ्या माणसाच्या कानाने अशी दोनदा केली जाते. काही गिऱ्हाइकं गळली. काही उरली. च्यूबाई तर गाड्यावर येणाऱ्या प्रत्येकाला हे सगळं रंगवून सांगायच्या, आणि त्यांच्या सांगण्यात तर एकतीसच्या एकतीस पोकळ टाइल्स त्यांनीच शोधलेल्या असायच्या. महिनाअखेरीला त्या नव्या घरात राहायला गेल्या. बाल्कनीचा ढाळही लोने सुलटा करून दिला होता.

यादीतलं शेवटचं घर कुआनशीला होतं. वन ते-शेंग नावाचे निवृत्त पोस्टमन तिथे एकटे राहायचे. त्यांच्या न्हाणीघरात मावशींना चार पोकळ टाइल्स सापडल्या, शॉवरच्या अगदी शेजारी. पण ती इमारत बांधणारी छोटी कंपनी मधल्या काळात बंद पडली होती. फोन कुणी उचलत नव्हतं.

"राहू द्या हो," वनकाका म्हणाले. "पडतील तेव्हा पडतील. मी किती दिवस आंघोळ करणार आहे अजून?"

"अंगावर पडल्या तर तेवढे दिवस पण नाही करणार," मावशी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या थापी, माल कालवायचं घमेलं आणि पातळी बघायची पाणसळ घेऊन गेल्या. टाइल्स शू-हानने मिळत्याजुळत्या रंगाच्या शोधून आणल्या होत्या. नऊ वर्षांत मावशींनी एकही टाइल बसवली नव्हती. वनकाकांनी एक बुटकं स्टूल आणून दिलं, त्यावर टॉवेलाची घडी ठेवली. मावशींनी यंत्र काढलं, बाह्या सारल्या, जुना माल खरवडला, भिंत ओली केली. मग थापीने माल पसरला. सगळीकडे सारखा, एकही कोपरा न सोडता. टाइल टेकवली, दाबली, मुठीने चहूबाजूंनी हलकेच ठोकली. हात थोडे कापत होते. दुसऱ्या टाइलला कमी कापले. तिसरीला त्यांना हातांची आठवणच राहिली नाही.

"येतंय की अजून!" वनकाका दारातून ओरडले.

"काय?"

"म्हटलं, येतंय की!"

"शिकवणारा कडक होता," मावशी म्हणाल्या आणि चौथी टाइल उचलली.

काम संपायला दुपारचे तीन वाजले. मावशींनी टाइल्समधल्या फटी, दर्जा, सिमेंटने भरल्या, फडक्याने भिंत पुसली. "तीन दिवस इथे पाणी लावायचं नाही."

"मग आंघोळ कुठे करू?"

"शेजारी जा."

"शेजारी विधवा बाई आहे!"

"मग चार दिवस थांबलात तरी चालेल," मावशी म्हणाल्या, आणि शू-हान एवढ्या मोठ्याने हसली की मावशींना ते यंत्राशिवाय ऐकू आलं.

त्यांनी स्टुलावरून उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी साथ दिली नाही. दुसऱ्यांदाही नाही. एका बाजूने शू-हानने धरलं, दुसऱ्या बाजूने वनकाकांनी, आणि दोघांनी मिळून त्यांना उभं केलं. मावशी क्षणभर तशाच, दोघांच्या खांद्यांवर भार टाकून थांबल्या. मग म्हणाल्या, "भूक लागलीय. कुणी जेवायला घालणार आहे की नाही?"

वनकाकांनी सकाळपासून मुळ्याचं सूप चुलीवर ठेवलं होतं. तिघं स्वयंपाकघरात जाऊन बसले.